विकिडेटा आणि विकिपीडियावरचा शोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्या आणि नुसतं वाचणाऱ्या मंडळींकडून कार्यशाळांत, चावडीवर (म्हणजे विकिपीडियावरच्या सामाईक चर्चेच्या पानावर) आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न हटकून येतात, ते इथे एका जागी ठेवले आहेत. सगळी उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे घोळ जास्त, तिथे उत्तरही लांब.

संरचित माहिती म्हणजे नक्की काय? लेखात माहिती नसते का?

असते, पण वाक्यांत असते. ‘पूर्णा ही तापीची उपनदी असून ती मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात उगम पावते’ हे वाचून तुम्हाला-मला अर्थ लागतो. संगणकाला त्यात नुसते शब्द दिसतात. तापीला कोण मिळतं, की तापी कुणाला मिळते, हे त्याला त्या वाक्यातून खात्रीने कळत नाही.

हीच माहिती विकिडेटावर सुट्या विधानांत मांडलेली असते. प्रकार: नदी. कशाला मिळते: तापी. देश: भारत. यातलं ‘तापी’ म्हणजे नुसती दोन अक्षरं नाहीत, तो तापी नदीच्या स्वतःच्या नोंदीचा दुवा आहे. तापीच्या नोंदीत ती अरबी समुद्राला मिळते असं लिहिलेलं असेल, तर पूर्णेचं पाणी शेवटी कुठे जातं हे यंत्राला कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

विकिडेटा हा विकिपीडियाचाच भावंड प्रकल्प. २९ ऑक्टोबर २०१२ ला सुरू झाला. बर्लिनमधली विकिमीडिया डॉइशलँड ही संस्था त्याचं सॉफ्टवेअर तयार करते. आज तिथे अकरा कोटींहून अधिक नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीला ‘क्यू’ने सुरू होणारा क्रमांक असतो (मुंबईचा क्यू११५६, पुण्याचा क्यू१५३८), आणि प्रत्येक गुणधर्माला ‘पी’ने सुरू होणारा. नदी कशाला मिळते, हे सांगणारा गुणधर्म पी४०३.

मग साधा शोध कुठे कमी पडतो?

पूर्णेपाशीच थांबू, कारण ती नमुनेदार आहे. विदर्भातून वाहत जाऊन तापीला मिळणारी एक पूर्णा. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून मराठवाड्यातून गोदावरीला मिळणारी दुसरी. येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं हिच्यावरची. गुजरातेत नवसारीवरून समुद्राला जाणारी तिसरी. शिवाय परभणी जिल्ह्यातलं पूर्णा हे तालुक्याचं गाव, आणि तिथलं रेल्वे जंक्शन. शोधपेटीत ‘पूर्णा’ असं लिहिणाऱ्याला यातलं नक्की काय हवंय?

शब्द जुळवणारा शोध इथे अंदाज बांधतो. नाव शीर्षकात आहे का, किती लेखांतून या पानाकडे दुवे येतात, पान किती वाचलं जातं, यावरून तो क्रम लावतो. बहुतेक वेळा जमतं. पण नावं सारखी असली, की जास्त दुवे असलेली पूर्णा वर येते आणि परभणीच्या माणसाला भलतीच नदी दिसते.

दुसरी अडचण खास मराठीची. ‘पुणे’ शोधणाऱ्याला ‘पुण्यातील’, ‘पुण्याहून’, ‘पुणेकर’ हेही हवं असतं. आपल्याकडे सामान्यरूप होताना शब्दाचं अंगच बदलतं, नुसता शेवट कापून काम भागत नाही. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या तऱ्हा, ‘इंग्रज’ लिहायचं की ‘इङ्ग्रज’ असले जुने-नवे प्रकार, आणि वरून दिसायला सारखाच पण आतून वेगळ्या युनिकोड चिन्हांनी टाइप झालेला मजकूर. क्यू१५३८ ला विभक्ती लागत नाही, हे त्याचं मोठं सुख!

नोंदीत शोधाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं काय?

नाव, उपनावं (म्हणजे त्याच गोष्टीची इतर नावं) आणि वर्णन. विधानं त्यानंतर.

हे सांगितलं की उत्साही मंडळींचा थोडा हिरमोड होतो, कारण सगळ्यांना गुणधर्म आणि क्वेरी (नोंदींच्या साठ्याला विचारायचे नेमके प्रश्न) यांतच रस असतो. पण मराठीपुरतं बोलायचं तर आपली गळती इथेच आहे. नोंद आहे, अक्षांश-रेखांश आहेत, लोकसंख्या आहे, चित्र आहे, आणि मराठी नावाचा रकाना रिकामा. अशी नोंद मराठीत शोधणाऱ्यासाठी असून नसल्यासारखी. नोंदीत दहा विधानं वाढवण्यापेक्षा एक मराठी नाव आणि चार शब्दांचं वर्णन लिहिण्याने जास्त फरक पडतो, असं माझं ठाम मत आहे.

वर्णन कसं लिहायचं?

एकाच नावाच्या दोन गोष्टींतला फरक कळेल इतकंच. ‘महाराष्ट्रातील नदी’ हे वर्णन पूर्णेच्या बाबतीत कुचकामी आहे. ‘तापीची उपनदी’, ‘गोदावरीची उपनदी’, ‘परभणी जिल्ह्यातील शहर’ ही कामाची वर्णनं. त्याच भाषेत तेच नाव आणि तेच वर्णन असलेल्या दोन नोंदी विकिडेटा जतनच करू देत नाही, त्यामुळे ‘महाराष्ट्रातील नदी’ लिहून पुढे गेलात तर दुसऱ्या पूर्णेपाशी अडकणारच.

वर्णन म्हणजे वाक्य नव्हे. शेवटी पूर्णविराम नको, ‘आहे’ नको, ‘सुप्रसिद्ध’, ‘थोर’, ‘निसर्गरम्य’ तर अजिबात नको. लेखकाच्या नोंदीत ‘मराठी कादंबरीकार’ पुरतं. त्याच नावाचा दुसरा कादंबरीकार असेल तर जन्म-मृत्यूची सालं जोडा.

खेड्यांच्या बाबतीत तालुका आणि जिल्हा दोन्ही लिहा. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावं आहेत आणि वडगाव, बोरगाव, पिंपळगाव ही नावं जवळपास प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. एकाच जिल्ह्यात दोन वडगावं असणं ही नवलाची गोष्ट नाही. कर्जत म्हटलं तर रायगडातलं की अहिल्यानगरातलं? खेड रत्नागिरीतलं की पुण्याजवळचं, ज्याला राजगुरुनगरही म्हणतात?

उपनाव टाकलं की विकिपीडियाच्या शोधपेटीत ते नाव चालू लागतं का?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज याच मुद्द्यावर आहे.

विकिडेटावरचं उपनाव विकिडेटाच्या शोधाला कळतं. विकिपीडियाची शोधपेटी अक्षरं टाइप करताना जी नावं सुचवते, ती विकिपीडियावरच्या शीर्षकांतून आणि पुनर्निर्देशनांतून (दुसऱ्या नावावरून मूळ लेखाकडे नेणाऱ्या पानांतून) येतात. म्हणजे कुणी ‘पंजीम’ शोधलं तर ‘पणजी’चा लेख उघडावा असं वाटत असेल, तर मराठी विकिपीडियावर ‘पंजीम’ या नावाचं पुनर्निर्देशन हवं. आणि विकिडेटावर विधान भरणाऱ्याला ‘पंजीम’ टाइप केल्यावर पणजीची नोंद मिळावी असं वाटत असेल, तर तिथे उपनाव हवं. कामं दोन, जागाही दोन. एकाच बैठकीत दोन्ही उरकून टाकावीत, म्हणजे मागे काही राहत नाही.

मग विकिडेटाचा विकिपीडियाच्या शोधाला फायदा तो कोणता?

चार ठिकाणी तो दिसतो.

शोधपेटीत नाव सुचवलं जातं तेव्हा त्याखाली बारीक अक्षरांत वर्णन येतं आणि शेजारी चित्र. मराठी विकिपीडियावर ते वर्णन विकिडेटावरून येतं. तीन पूर्णा एकाखाली एक दिसल्या, तर बोट कुठे ठेवायचं ते त्या चार शब्दांवर ठरतं. (इंग्रजी विकिपीडियाने वादावादीनंतर स्वतःची लघुवर्णनं लेखातच ठेवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे तेवढं मनुष्यबळ आहे.)

दुसरं, लेखाच्या कडेला असते ती माहितीचौकट. चौकटीचा साचा विकिडेटावरून आकडे आणि नावं ओढून घेत असेल, तर तो मजकूर पानावर उमटतो आणि शोधाच्या निर्देशांकातही जातो. अर्थात लेखाच्या मुख्य मजकुराइतकं वजन त्याला मिळत नाही, पण लेखात कुठेच नसलेला तालुका चौकटीमुळे सापडू शकतो.

तिसरं, भाषांमधले दुवे. २०१३ पर्यंत प्रत्येक लेखाच्या तळाशी इतर भाषांतल्या लेखांची लांबलचक यादी असायची आणि सांगकामे (आपोआप संपादनं करणारे प्रोग्राम, म्हणजे बॉट) ती दिवसरात्र दुरुस्त करत बसायचे. ते सगळं विकिडेटावर गेलं. आता इंग्रजी किंवा कन्नड लेखावरून मराठी लेखावर एका टिचकीत येता येतं, मात्र दोन्ही लेख एकाच नोंदीला जोडलेले असतील तरच.

चौथं, बाहेरची शोधयंत्रं. विकिपीडियाच्या प्रत्येक जोडलेल्या पानाच्या आत, वाचकाला न दिसणारा एक छोटा तुकडा असतो. ‘हा लेख आहे, याचं नाव हे, आणि हा विकिडेटावरच्या अमुक नोंदीबद्दल आहे’ असं तो स्कीमा-डॉट-ऑर्गच्या परिभाषेत सांगतो. ही परिभाषा २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून सुरू केली. त्यामुळे मराठी लेख आणि इंग्रजी लेख एकाच वस्तूबद्दल आहेत हे शोधयंत्राला आयतं कळतं.

‘तापीला मिळणाऱ्या सगळ्या नद्या’ असं विचारायचं असेल तर?

ते विकिपीडियाच्या शोधपेटीचं काम नाही. त्यासाठी विकिडेटाची क्वेरी सेवा आहे, २०१५ पासून चालू आहे. तिची भाषा स्पार्कल. भाषा शिकायची नसेल तर क्वेरी बिल्डर नावाचं पान आहे, तिथे रकाने भरून प्रश्न तयार करता येतो: गुणधर्म ‘कशाला मिळते’, किंमत ‘तापी’, चालवा. यादी येते.

यादीत मराठी नावांऐवजी क्यू आणि आकड्यांची रांग दिसली, तर सेवेत बिघाड नाही. त्या नद्यांना मराठी नावंच कुणी दिलेली नाहीत. खरं तर पुढे काय करायचं, याची ती आयती यादीच झाली.

प्रश्नाला साठ सेकंदांची मर्यादा आहे. ‘जगातली सगळी माणसं’ असं मागितलं की सेवा हात वर करते. प्रश्न अरुंद ठेवा.

मी ‘महाराष्ट्रातले किल्ले’ मागितले आणि निम्मे आलेच नाहीत. असं का?

बहुधा तुम्ही प्रकार ‘किल्ला’ असा नेमका मागितला. पण कुणी रायगडाचा प्रकार ‘डोंगरी किल्ला’ लिहिलेला असेल, सिंधुदुर्गाचा ‘सागरी किल्ला’, आणखी एखाद्याचा ‘तटबंदी’. यंत्राच्या लेखी हे वेगळे प्रकार आहेत. डोंगरी किल्ला हा किल्ल्याचाच एक पोटप्रकार आहे, ही गोष्ट विकिडेटावर ‘चा उपवर्ग’ या गुणधर्माने (पी२७९) नोंदवलेली असते. ‘किल्ला आणि त्याचे सगळे पोटप्रकार’ असं मागितलं तरच सगळे एका जाळ्यात येतात. क्वेरी बिल्डरमध्ये त्यासाठी टिचकी मारायचा चौकोन आहे. लोक तो पाहतच नाहीत.

ठिकाणाचंही तसंच. किल्ल्याच्या नोंदीत ‘महाराष्ट्र’ असं थेट क्वचित लिहिलेलं असतं. तालुका लिहिलेला असतो. तालुका जिल्ह्यात, जिल्हा राज्यात, अशी साखळी असते, आणि मधली एक कडी निसटली की तालुक्यातले सगळे किल्ले महाराष्ट्राबाहेर. यंत्राला ते कळणार नाही, पण सह्याद्री पायाखाली घातलेल्या माणसाला यादी बघताक्षणी खटकतं. म्हणून असल्या याद्या तपासायला भटक्यांना बसवावं, संगणकवाल्यांना नव्हे!

चाचणीसाठी एक चांगलं उदाहरण सुचवतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्यं’ या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी. आता ‘या वारसास्थळाचा भाग असलेले किल्ले’ आणि ‘महाराष्ट्रातले, या वारसास्थळाचा भाग असलेले किल्ले’ असे दोन प्रश्न चालवून बघा. पहिल्यात बारा यायला हवेत, दुसऱ्यात अकरा, कारण जिंजी तमिळनाडूत आहे. आकडा जुळला नाही तर कुठल्या किल्ल्याच्या नोंदीत काय राहिलंय ते पाच मिनिटांत सापडतं. गडांची अख्खी यादी घेऊन बसण्यापेक्षा अशा छोट्या, उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रश्नावर हात बसवलेला बरा.

यादीत नाव नाही म्हणजे ती व्यक्ती किंवा जागा अस्तित्वातच नाही असं समजायचं का?

छे. ‘मराठीत लिहिणाऱ्या, पण मराठी विकिपीडियावर लेख नसलेल्या लेखिका’ हा प्रश्न संपादनेथॉनच्या (एकत्र बसून लेख लिहिण्याच्या उपक्रमाच्या) आधी हमखास विचारला जातो, आणि चांगलाच आहे. पण तो फक्त त्याच स्त्रिया देतो ज्यांच्या नोंदीत व्यवसाय, लिंग आणि लेखनाची भाषा हे तिन्ही रकाने भरलेले आहेत. यातलं एक जरी सुटलं तरी बाई यादीतून गायब. शिवाय कुणाच्या नोंदीत ‘कवी’ असतं, कुणाच्या ‘नाटककार’, कुणाच्या ‘पत्रकार’. पुन्हा पोटप्रकारांचा तोच मुद्दा. क्वेरीची यादी कामाला सुरुवात म्हणून घ्या, आणि तिच्या जोडीला एखाद्या जुन्या वाङ्मयकोशाची सूची ठेवा.

गावाचं, शहराचं, जिल्ह्याचं नाव बदललं की काय करायचं?

नवी नोंद करायची नाही. वस्तू तीच आहे, नाव बदललंय. क्यू क्रमांक तोच राहतो.

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये. नोंदीचं मराठी नाव नवं करायचं, जुनं उपनावांत ठेवायचं. त्याखेरीज ‘अधिकृत नाव’ या गुणधर्मात दोन्ही नावं विधानं म्हणून लिहायची आणि प्रत्येकाला ‘पासून’ व ‘पर्यंत’ या तारखा जोडायच्या. मग १९९० सालच्या संदर्भात कुठलं नाव दाखवायचं हे साच्यालाही ठरवता येतं.

जुनं नाव उपनावांतून काढून टाकण्याची काहींना फार घाई असते. भावना समजते, पण शोधाच्या दृष्टीने ते घातक आहे. शेकडो वर्षांची कागदपत्रं, पुस्तकं, रेल्वेची जुनी तिकिटं त्याच नावाने आहेत, आणि ते नाव घेऊन शोधणाऱ्याला आपण रिकाम्या हाताने परत पाठवतो. उपनाव म्हणजे मान्यता नव्हे.

छत्रपती संभाजीनगरला मलिक अंबरने वसवलं तेव्हा खडकी म्हणत. तेही उपनाव म्हणून हवं. पण पुण्यातही खडकी आहे, त्याचं काय? काही बिघडत नाही. उपनाव एकमेव असण्याची अट नाही. दोन्ही नोंदी शोधात येतील आणि वर्णन फरक सांगेल. औरंगाबाद बिहारमध्येही आहे, तिथेही हेच.

शुद्धलेखनाच्या सगळ्या तऱ्हा उपनावांत भरायच्या का?

छापील वापरात खरोखर असलेल्या तऱ्हा भरा. टाइप करताना झालेल्या चुका भरू नका. ‘सिंधुदुर्ग’च्या नोंदीत ऱ्हस्व-दीर्घाचे सगळे संभाव्य घोळ टाकले तर उपनावांचा रकाना भंगारखाना होतो. फारच सर्रास होणारी चूक असेल तर विकिपीडियावर पुनर्निर्देशन करा, त्यासाठीच ती सोय आहे.

दोन इतिहासकार दोन तारखा देतात. यंत्र कुठली धरणार?

विकिडेटावर दोन्ही ठेवता येतात, आणि ठेवाव्यात. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्माचंच घ्या. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही राज्य शासनाने मान्य केलेली तारीख. ६ एप्रिल १६२७ ही दुसरी, पूर्वीपासून चालत आलेली. दोन्ही विधानं संदर्भांसह लिहायची आणि एकीला ‘प्राधान्य’ ही श्रेणी द्यायची. श्रेणी तीन: प्राधान्य, सामान्य, आणि त्याज्य. नेहमीची क्वेरी फक्त वरच्या श्रेणीचं विधान उचलते. त्यामुळे ‘१६२७ मध्ये जन्मलेले’ असं विचारलं तर महाराज यादीत येणार नाहीत. सगळ्या श्रेणींची विधानं मुद्दाम मागितली तर येतील.

श्रेणीवरून भांडणं होतात. ती चर्चापानावर करावीत, उलटसुलट संपादनांतून नव्हे.

इथे अजून एक खाचखळगा. १९ फेब्रुवारी ही जुन्या, ज्युलियन पंचांगाची तारीख आहे. आजच्या ग्रेगरियन पंचांगाने तो दिवस १ मार्च १६३० येतो. विकिडेटाच्या तारखेच्या रकान्यात कुठलं पंचांग ते निवडावं लागतं. ते न बघता कुणी ‘जतन करा’ दाबलं की इतिहास दहा दिवस सरकतो, आणि पुढे त्या नोंदीवर अवलंबून असलेल्या प्रत्येक भाषेतल्या चौकटीत तोच आकडा जातो.

कॉमन्सवरची छायाचित्रं मराठीत शोधता येतात का?

येतात, आणि मला विचाराल तर संरचित माहितीचा सगळ्यात रोकडा फायदा इथेच दिसतो.

कॉमन्स म्हणजे विकिपीडियाच्या भावंड प्रकल्पांतला चित्रांचा सामाईक साठा. तिथले वर्ग बहुतांशी इंग्रजीत आहेत. फाइलचं नाव कॅमेऱ्याने दिलेलं, वर्णन असलंच तर एका ओळीचं. अशी फाइल मराठीत ‘तुतारी’ किंवा ‘नऊवारी’ असं शोधून कशी सापडणार? २०१९ पासून प्रत्येक फाइलला मराठीत मथळा देता येतो आणि ‘यात काय दिसतं’ (पी१८०) या गुणधर्मात विकिडेटाची नोंद जोडता येते. कॉमन्सचा शोध तुम्ही लिहिलेला शब्द विकिडेटावरच्या नावांशी ताडून बघतो आणि ती वस्तू ज्या चित्रांत दिसते ती पुढे आणतो. म्हणजे जर्मन माणसाने जर्मन वर्णनासह चढवलेला फोटोदेखील मराठी शब्दाला सापडू शकतो. अट एकच, त्या वस्तूच्या नोंदीला मराठी नाव हवं. फिरून आपण नावापाशीच आलो.

नेमकंच हवं असेल तर शोधपेटीत ‘हॅज-डब्ल्यूबी-स्टेटमेंट’ हा कळशब्द (टाइप करताना रोमन अक्षरांत, जोडून), मग अपूर्णविराम (:), मग गुणधर्म आणि नोंद यांची बरोबरी लिहायची. पी१८० बरोबर क्यू१४६ लिहिलंत की मांजरं आणि फक्त मांजरं.

जोडताना हात आखडता ठेवा. आषाढी वारीच्या फोटोत टाळ, मृदंग, पताका, तुळशीवृंदावन, रस्ता, आकाश, ढग, झाड सगळंच दिसतं. म्हणून सगळंच जोडलं तर ‘ढग’ शोधणाऱ्यापुढे वारकरी येतात. फोटो ज्याचा आहे, ते जोडा.

वर्ग आहेतच की. मग हा खटाटोप कशाला?

वर्ग एका वेळी एकाच बाजूने कापतात. ‘मराठी नाटककार’ आणि ‘कोल्हापुरात जन्मलेल्या व्यक्ती’ या दोन वर्गांचा छेद हवा असेल तर एकतर तिसरा वर्ग काढा, नाहीतर हाताने जुळवा. विधानांतून असे छेद हवे तितके काढता येतात. वर्ग वाचकाला फिरायला चांगले असतात. ते ठेवाच.

माझ्या गावाच्या लेखाला भलत्याच गावाची माहिती जोडलेली आहे. ते कसं दुरुस्त करू?

आधी खात्री करा. नाव सारखं आहे म्हणून विश्वास ठेवू नका. अक्षांश-रेखांश बघा, तालुका बघा, आणि २०११ च्या जनगणनेतला गावाचा संकेतांक असेल तर तो बघा. संकेतांकाइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही.

लेख चुकीच्या नोंदीला जोडलेला असेल तर तिथला मराठी दुवा काढून योग्य नोंदीला लावा. एकाच गावाच्या दोन नोंदी असतील तर त्या विलीन करायच्या. पसंतीक्रमात जाऊन विलीनीकरणाचं गॅजेट चालू करावं लागतं. दोघांपैकी एक क्रमांक उरतो, दुसरा त्याच्याकडे वळवला जातो, त्यामुळे जुने दुवे तुटत नाहीत.

दुहेरी नोंदी येतात कुठून? बऱ्याचशा सेबुआनो विकिपीडियातून. फिलिपिन्समधल्या या भाषेच्या विकिपीडियावर एका सांगकाम्याने भौगोलिक माहितीसंग्रहांवरून लाखो लेख आपोआप तयार केले, त्यांत भारतातल्या टेकड्या, ओढे, वाड्या-वस्त्याही आल्या, आणि प्रत्येक लेखामागे विकिडेटावर एक नोंद. कुठे अक्षांश-रेखांश दोन-चार किलोमीटर सरकलेले, कुठे नाव रोमनमधून विचित्र उतरलेलं.

पण विलीन करायच्या भरात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करू नका. गाव आणि त्याची ग्रामपंचायत, शहर आणि महानगरपालिका, जिल्हा आणि त्याच नावाचा लोकसभा मतदारसंघ, हे सगळं वेगळं आहे. महानगरपालिकेला स्थापनेचं वर्ष असतं, महापौर असतो. शहराला ते वर्ष लावलं की दोन हजार वर्षांहून जुनं नाशिक एकाएकी विसाव्या शतकात जन्मतं.

विकिपीडियाच्या लेखातला परिच्छेद विकिडेटावर चिकटवता येईल का?

नाही. विकिडेटाचा मजकूर सीसी-शून्य परवान्याखाली, म्हणजे पूर्ण मोकळा. विकिपीडियाच्या मजकुराला श्रेय देण्याची अट आहे. तथ्य घ्या, वाक्यं घेऊ नका.

हयात व्यक्तींबद्दल काय भरावं?

सार्वजनिक आणि संदर्भ असलेलं तेवढंच. जात, धर्म, घरचा पत्ता, फोन हे रकाने दिसले तरी हात लावू नका. एकदा भरलेली माहिती किती ठिकाणी पसरते ते वर आलंच आहे.

लेक्सीम म्हणजे काय? त्याने मराठी शोध सुधारेल का?

विकिडेटावर २०१८ पासून वस्तूंबरोबर शब्दांच्याही नोंदी होतात. त्या ‘एल’ने सुरू होतात. ‘घोडा’ या शब्दाच्या नोंदीत घोड्याला, घोड्यांनी, घोडे ही सगळी रूपं व्याकरणासह लिहिता येतात. सामान्यरूपांची मोकळ्या परवान्यातली मोठी यादी कधी तयार झाली तर शोधयंत्र बनवणाऱ्यांना ती वापरता येईल. आज ती फार मोठी नाही. व्याकरणाची आवड असलेल्यांना मात्र हे काम सुपारीसारखं चघळत बसण्याजोगं आहे.

आता एआयला विचारलं की उत्तर मिळतं. मग नोंदी भरत कशाला बसायचं?

ते उत्तर येतं कुठून? भाषा-प्रारूपं जे वाचून शिकतात त्यात विकिपीडिया आणि विकिडेटा दोन्ही आहेत. आणि मराठवाड्यातल्या पूर्णेबद्दल विचारल्यावर विदर्भातल्या पूर्णेची माहिती बिनदिक्कत सांगणं त्यांनाही जमतं. विकिमीडिया डॉइशलँडने २०२५ मध्ये विकिडेटाच्या नोंदी अर्थाच्या जवळिकीवरून शोधता येतील असा संग्रह खुला केला, तो मुख्यतः अशा प्रारूपांना खात्रीची माहिती पुरवता यावी म्हणूनच. त्यालाही नोंद आणि तिचं वर्णन लागतंच.

फोनवरून काम होतं का?

नाव, उपनावं, वर्णन यांचं होतं. अँड्रॉइडवरच्या विकिपीडिया ॲपमध्ये वर्णन नसलेले लेख एकामागून एक समोर येतात, लोकलमध्ये बसल्या बसल्या पाच-सहा होऊन जातात. विधानं भरायची असतील, विशेषतः संदर्भांसह, तर संगणक बरा.

मी बदल केला, पण शोधात अजून जुनंच दिसतंय.

विकिडेटाचा स्वतःचा शोध सहसा थोड्याच वेळात ताजा होतो. क्वेरी सेवा कधी कधी मागे राहते. किती मागे आहे ते तिच्या पानावरच दिसतं. विकिपीडियाच्या लेखातली चौकट जुनी दिसत असेल तर पानाची साठवलेली प्रत रिकामी करा, किंवा संपादन उघडून काहीही न बदलता जतन करा. बाहेरची शोधयंत्रं आपल्या वेळापत्रकाने येतात, त्यांना घाई करता येत नाही. दोन-तीन दिवसांनीही विकिपीडियावर जुनंच वर्णन दिसलं, तर नोंदीचा इतिहास उघडून बघा. मधल्या काळात कुणीतरी ते पुन्हा ‘महाराष्ट्रातील नदी’ करून ठेवलेलं असतं.